दोन नळकांड्यांचा मीडिया रिॲक्टर: फोंड्यातील चौदा महिन्यांचा अनुभव

फोंड्याच्या आमच्या घरी दिवाणखान्यात चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि वीस इंच उंच अशी खाऱ्या पाण्याची एक टँक आहे. खालच्या कपाटातला सम्प (टँकला जोडलेली, उपकरणे ठेवायची दुसरी टाकी) धरून तिच्यात सुमारे ३०० लिटर पाणी खेळते. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळा तोंडावर असताना, मी या टँकसाठी दोन नळकांड्यांचा मीडिया रिॲक्टर, म्हणजे पाण्यातील नको ती द्रव्ये शोषणाऱ्या दाण्यांच्या (मीडियाच्या) थरातून पाणी फिरवणारे उपकरण, ऑनलाइन मागवला आणि तेव्हापासून तो दिवसरात्र चालू आहे. पहिल्या महिन्यात असे कोणतेही उपकरण चांगलेच वाटते. गोव्याच्या दमट हवेत त्याच्या आट्यांवर मीठ चढू लागते, रबर ताणले जाते आणि आषाढात वीज तासन् तास जाते, तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. म्हणून दुसरा पावसाळा मध्यावर आल्यावरच हा अभिप्राय लिहायला घेतला.

टँकमध्ये काय आहे हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण रिॲक्टरमध्ये काय भरायचे हे त्यावरच ठरते. माझ्याकडे सगळे मृदू प्रवाळ आहेत: झोअँथस, मश्रूम, लेदर आणि झेनिया. भित्ती बांधणारे कठीण प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. ते मी ठेवत नाही आणि नव्याने छंद सुरू करणाऱ्यांनीही त्या वाटेला जाऊ नये असे मला मनापासून वाटते. मृदू प्रवाळ दिसायला शांत असले तरी जागेसाठी एकमेकांशी झगडतात आणि त्यासाठी पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात. लेदर जातीचे प्रवाळ यात विशेष पुढे असतात. समुद्रात ती द्रव्ये वाहून जातात, पण ३०० लिटरच्या बंद पाण्यात ती साचत राहतात. त्यामुळे माझ्या दृष्टीने रिॲक्टरचे एक नळकांडे ही द्रव्ये शोषणाऱ्या कार्बनसाठी राखीव असणार हे पहिल्यापासून ठरलेले होते. दुसरे घ्यावे लागले ते शेवाळाला पोसणाऱ्या फॉस्फेटमुळे.

त्या वेळी टँकमधील फॉस्फेट ०.३८ पीपीएम (म्हणजे लिटरमागे ०.३८ मिलिग्रॅम) होते. खडकांवर हिरवे केसाळ शेवाळ बोटभर वाढले होते आणि दर रविवारी टूथब्रशने घासून काढले तरी पुढच्या रविवारपर्यंत ते पुन्हा तेवढेच होत असे. दोष अन्नाचा होता, म्हणजेच माझा होता. गोठवलेल्या झिंग्यांच्या वड्या मी न धुता, वितळलेल्या पाण्यासकट टँकमध्ये टाकत असे आणि मासे खातील त्यापेक्षा जास्त टाकत असे. पाणी मात्र मी सुरुवातीपासून आरओ-डीआयचेच, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेले, वापरते. नळाचे पाणी किंवा समुद्राचे आणलेले पाणी वापरत नाही. मिरामारला समुद्र एवढा जवळ असताना मिठाची पाकिटे का घेता, असे अनेक जण विचारतात. त्यांना माझे उत्तर असे की मांडवी आणि जुवारी पावसाळ्यात गाळ आणि गोडे पाणी घेऊन समुद्राला मिळतात, तेव्हा किनाऱ्याजवळच्या पाण्याच्या क्षारतेचा भरवसा धरता येत नाही, आणि त्या गाळासोबत काय काय येते याचाही धरता येत नाही.

रिॲक्टर घेण्यापूर्वी सहा महिने मी फॉस्फेट शोषणारा मीडिया जाळीच्या पिशवीत भरून सम्पमध्ये ठेवत असे. ही पद्धत चुकीची नाही. लहान टँकसाठी ती पुरेशी आहे आणि तिला वीज लागत नाही. पण पाणी नेहमी सोपी वाट धरते. ते पिशवीच्या बाजूने वाहून जाते, बाहेरचे दाणे वापरले जातात आणि मधले तसेच राहतात. महिन्याने पिशवी उघडली की वरचा थर चिकट व बुळबुळीत आणि आतला गोळा जवळजवळ कोरा, असे दृश्य मी प्रत्येक वेळी पाहिले आहे. रिॲक्टरमध्ये हीच अडचण दूर होते. पाणी पंपाने ढकलून नळकांड्याच्या तळाशी आणले जाते, तेथून ते मीडियाच्या थरातून वर चढते आणि वरच्या तोंडाने बाहेर पडते, त्यामुळे प्रत्येक दाण्याला पाणी लागते. शिवाय बाहेर पडणारे पाणी वेगळे धरून तपासता येते. ही सोय पिशवीत कधीच मिळत नाही आणि तिचे मोल मला पुढे कळले.

आता उपकरणाविषयी. दोन्ही नळकांडी पारदर्शक ॲक्रिलिकची आहेत, जाडी समाधानकारक आहे आणि चौदा महिन्यांत कोठेही तडा गेलेला नाही. आत खाली व वर भोकांची चकती आणि तिला लागून स्पंज, अशी रचना आहे. झाकण आट्यांचे असून त्याखाली रबरी ओ-रिंग बसते. सम्पच्या काठावर अडकवण्यासाठी दिलेला आकडा मजबूत आहे. किंमत मला पंपाशिवाय सुमारे साडेचार हजार रुपये पडली. पंप वेगळा घ्यावा लागला. तो ताशी ६०० लिटरचा व १० वॉटचा आहे, म्हणजे महिन्याला सुमारे सात युनिट वीज लागते. एवढा मोठा पंप खरे तर लागत नाही, पण पुढे व्हॉल्व्ह लावून प्रवाह कमी करणे सोपे जाते आणि मीडिया भरत आला तरी जोर पुरतो.

सोबत आलेल्या जोडणीच्या सामानाबद्दल मात्र मी समाधानी नाही. नळीवर आवळायच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या म्हणून दिल्या होत्या. आमच्याकडच्या हवेत त्यांच्यावर सहा आठवड्यांत गंजाचे डाग आले. मी त्या काढून प्लास्टिकच्या लावल्या. व्हॉल्व्ह तर दिलाच नव्हता. तो घेताना एक काळजी अवश्य घ्यावी: हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो पितळी कॉक असतो आणि पितळेत तांबे असते. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू उतरते आणि प्रवाळ, कोळंबी, शंख या सर्वांना मारक ठरते. पीव्हीसीचाच व्हॉल्व्ह घ्यावा, तो मिळायला दोन दुकाने फिरावी लागली तरी चालेल.

एका नळकांड्यात मी दाणेदार फेरिक ऑक्साइड, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाचे ऑक्साइड, भरते. ते प्रथम भरण्यापूर्वी धुवावे लागते, आणि त्या धुण्याचे दृश्य गोव्यात राहणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटेल. बादलीवर नळकांडे धरून आरओचे पाणी आतून सोडले की बाहेर पडणारे पाणी जांभ्याच्या मातीवरून पहिल्या पावसात वाहणाऱ्या पाण्यासारखे तांबूस येते. हे साम्य केवळ रंगाचे नाही. आपल्या जांभ्याच्या जमिनीत लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात आणि ती स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवतात. म्हणूनच कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) खत घातले तरी त्यातले बरेचसे स्फुरद झाडाला न मिळता मातीतच अडकते. शेतकऱ्याला जो तोटा वाटतो, तोच गुण आपण रिॲक्टरमध्ये वापरतो. फॉस्फेट लोहाच्या दाण्याच्या पृष्ठभागाला चिकटते आणि दाण्यासह टँकबाहेर काढता येते. अर्थात म्हणून कोणी अंगणातला जांभा टँकमध्ये टाकू नये. त्यात आणखी काय असेल सांगता येत नाही, आणि मीडियाचा दाणा सच्छिद्र, एकसारखा व स्वच्छ असतो, त्यालाच आपण पैसे मोजतो. धुताना निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत, माझ्या अनुभवाने पाच-सहा लिटर, सोडत राहावे. ही पायरी टाळली तर तीच तांबूस पूड टँकभर पसरते आणि दोन दिवस प्रवाळ मिटून बसतात.

प्रवाह किती ठेवायचा, याचे उत्तर आकड्यात देण्यापेक्षा डोळ्यांनी पाहून द्यावे. फेरिक ऑक्साइडच्या थराचा वरचा एक-दोन सेंटिमीटर भाग, मंद आचेवर पेज रटरटावी तसा, हळू हलला पाहिजे आणि खालचा भाग नुसता सैल राहिला पाहिजे. अजिबात हालचाल नसेल तर दाणे एकमेकांना चिकटून त्यांची वीट तयार होते. जोरात घुसळले तर दाणे झिजून पूड होते. कार्बनचे उलट आहे: तो मुळीच हलता कामा नये, कारण त्याचे दाणे घासले की काळी बारीक पूड सुटते. त्यामुळे कार्बनच्या नळकांड्यात वरचा स्पंज थेट मीडियावर दाबून बसवते. या उपकरणात दोन्ही नळकांडी एकापाठोपाठ एक जोडलेली आहेत आणि दोहोंतून एकच प्रवाह जातो, ही त्याची मूळ मर्यादा आहे. फेरिक ऑक्साइडला जो वेग योग्य, तो कार्बनला थोडा कमी पडतो. दोन्ही नळकांड्यांना स्वतंत्र व्हॉल्व्ह असलेली रचना मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तीच घ्यावी.

क्रमही महत्त्वाचा आहे. पाणी आधी कार्बनमधून आणि मग फेरिक ऑक्साइडमधून जाते. मी सुरुवातीला उलट जोडले होते, तेव्हा लोहाची सुटलेली पूड कार्बनच्या स्पंजात अडकून आठ दिवसांत प्रवाह निम्मा झाला.

मात्रेविषयी मी विस्ताराने लिहिते, कारण बहुतेकांचे नुकसान येथे होते. पाकिटावरील प्रमाणानुसार माझ्या टँकला ७५ ग्रॅम फेरिक ऑक्साइड लागत होते; मी ३५ ग्रॅमवर सुरुवात केली. दर तीन दिवसांनी हॅनाच्या खिशात मावणाऱ्या फॉस्फेट तपासनीने मोजमाप घेतले. या तपासनीत नुसत्या पाण्याची कुपी आधी ठेवायची, मग त्याच कुपीत पूड विरघळवून तीन मिनिटांची उलटी मोजणी पूर्ण होऊ द्यायची, असा क्रम असतो. काचेवर बोटाचा एक ठसा किंवा कडेला चिकटलेला एक बुडबुडा राहिला तरी आकडा बदलतो, म्हणून कुपी मऊ कपड्याने पुसून, उजेडासमोर धरून मगच मी ती आत ठेवते. पहिल्या आठवड्याअखेर ०.३८ चे ०.२९ झाले, तिसऱ्या आठवड्यात ०.२१, आणि त्यानंतर आकडा तेथेच अडून बसला. मीडिया संपला की काय हे ठरवण्यासाठी मी रिॲक्टरच्या तोंडाशी येणारे पाणी तपासले, तेही ०.२० होते. आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी सारखेच असेल तर मीडियाचे काम संपले, इतका हा निकष सरळ आहे. पाकिटावर लिहिलेल्या चार-सहा आठवड्यांपेक्षा मी त्यावर अधिक विसंबते.

एक हिशेब येथे मांडण्याजोगा आहे. ३०० लिटर पाण्यात ०.३८ पीपीएम म्हणजे सगळे मिळून अवघे ११४ मिलिग्रॅम फॉस्फेट, चिमूटभरही नाही. मग ते काढायला महिने का लागतात? कारण वर्षभर ते फक्त पाण्यात नव्हे, तर चुनखडीच्या खडकांत आणि वाळूतही मुरलेले असते. पाण्यातले कमी झाले की खडक आपल्याकडचे परत सोडतो. म्हणून मीडिया बदलल्यावर आकडा खाली जाऊन पुन्हा थोडा वर आला तर उपकरण निकामी आहे असे समजू नये. माझ्या टँकमध्ये तो सव्वाचार महिन्यांनी ०.०८ च्या आसपास स्थिरावला आणि केसाळ शेवाळ त्याच सुमारास विरळ होऊ लागले.

ऑक्टोबरमध्ये मला घाई झाली. आकडा लवकर खाली यावा म्हणून मी एका रविवारी पूर्ण ७५ ग्रॅम नवा मीडिया भरला. चार दिवसांत फॉस्फेट ०.०१ वर आले, आणि त्याच चार दिवसांत क्षारीयता, म्हणजे पाण्यातील कार्बोनेटांचे प्रमाण, ८.४ डीकेएचवरून (हे तिचे एकक) ७.५ वर उतरली, कारण ताज्या फेरिक ऑक्साइडवर कॅल्शियम कार्बोनेटही साचते. सकाळी दिवे लागले तेव्हा झेनियाचे एरवी उघडझाप करणारे पंजे आखडलेले होते. संध्याकाळपर्यंत त्यातील तीन देठ विरघळून खडकावर पांढुरका लगदा उरला होता. लेदरची छत्री नऊ दिवस उघडली नाही. फॉस्फेट हे विष नाही, ते प्रवाळाचे अन्नही आहे. मृदू प्रवाळांना तर थोडे अधिकच लागते. तेव्हापासून ०.०५ च्या खाली मी जाऊ देत नाही आणि एका वेळी ४० ग्रॅमच्या वर भरत नाही. तीन देठ गेल्याचे मला आजही वाईट वाटते.

कार्बनविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण त्याने कधी त्रास दिला नाही. नारळाच्या करवंटीपासून केलेला दाणेदार कार्बन मी वापरते, सुमारे १५० ग्रॅम, आणि दर तीन आठवड्यांनी बदलते. त्याचा परिणाम पाहायचा असेल तर पांढऱ्या बादलीत टँकचे पाणी घ्यावे. कार्बनशिवाय महिना गेला की त्यात चहाच्या धुवणासारखी पिवळट छटा दिसते आणि कार्बन घातल्यावर तिसऱ्या दिवशी ती गेलेली असते. पाणी एकदम स्वच्छ झाले की प्रकाशही एकदम वाढतो, तेव्हा दिव्यांची तीव्रता आठवडाभर थोडी कमी ठेवावी. उरलेला कार्बन मात्र झाकण घट्ट लागणाऱ्या बरणीत ठेवणे आवश्यक आहे, कारण आमच्याकडे जुलैत उघड्या पाकिटातला कार्बन हवेतला ओलावा आणि स्वयंपाकघरातला वास दोन्ही घेऊन बसतो.

देखभालीचा माझा क्रम ठरलेला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पंप बंद करून, व्हॉल्व्ह मिटवून नळकांडी बादलीत उचलते. दोन्ही स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळते. चकतीची भोके जुन्या टूथब्रशने मोकळी करते. दर तीन महिन्यांनी रिकामी नळकांडी, पंप आणि त्याची फिरकी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन तासभर बुडवून ठेवते. फिरकीच्या आसावर बसलेला चुन्याचा थर त्यात फेसाळत सुटतो. आपल्याकडचे माडाचे व्हिनेगर यासाठी वापरू नये, त्याचा रंग आणि त्यातले इतर अंश मागे राहतात. ॲक्रिलिकला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये. त्याने पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे पडते आणि ते परत जात नाही. शेवटी ओ-रिंग आणि आटे ओल्या कपड्याने पुसून मिठाचा कण उरलेला नाही याची खात्री करते, रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देते आणि झाकण फक्त हाताने आवळते. पान्हा लावण्याची गरज भासली तर रिंग चुकीची बसली आहे असे समजावे.

ओ-रिंग हा या उपकरणाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. सातव्या महिन्यात ती ताणून सैल झाली आणि एका रात्री झाकणाखालून थेंब थेंब गळती सुरू झाली. रिॲक्टर सम्पच्या आत अडकवलेला असल्याने पाणी सम्पमध्येच पडले. कपाटाबाहेर, जमिनीवर ठेवला असता तर सकाळी दिवाणखान्यात खारे पाणी असते. विक्रेत्याकडे सुटी रिंग मागितली, तेव्हा उत्तर यायला आठ दिवस आणि रिंग यायला आणखी नऊ दिवस लागले, आणि आलेली रिंग मापाने लहान निघाली. अखेर फोंड्यातील मोटारपंप दुरुस्तीच्या एका दुकानात जुनी रिंग नेऊन दाखवली. दुकानातील काकांनी ती बोटावर फिरवली, खोक्यातून तीन रिंगा काढून एकेक झाकणावर बसवून पाहिल्या आणि म्हणाले, ‘ताई, ही जाडीला बरोबर आहे, दोन घेऊन ठेवा.’ दोन्हींचे मिळून साठ रुपये झाले. पहिली अजून चालू आहे. साडेचार हजारांच्या वस्तूसोबत एक जादा रिंग न देणे मला रास्त वाटत नाही.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. पंप थांबला की नळकांड्यातील पाणी जागीच राहते आणि त्यातील जिवाणू प्राणवायू संपवतात. अर्ध्या तासाच्या खंडाने काही बिघडत नाही, पण चार-पाच तास गेले तर पुन्हा सुरू करताना रिॲक्टरची बाहेर जाणारी नळी बादलीत सोडून पहिले दोन लिटर पाणी टाकून देते. इन्व्हर्टरवर मी रिटर्न पंप (सम्पमधले पाणी वर टँकमध्ये चढवणारा) आणि हवेचा पंप ठेवला आहे, रिॲक्टर मुद्दाम ठेवलेला नाही. बॅटरी आधी माशांसाठी. प्रवाह उलटा फिरून मीडिया पंपात उतरू नये म्हणून खालचा स्पंज शाबूत असणे मात्र आवश्यक आहे. माझा अकराव्या महिन्यात कडेने फाटला, तेव्हा स्वयंपाकघरातला स्पंज कापून न बसवता ॲक्वेरियम फिल्टरचा खरखरीत स्पंज त्याच मापाचा कापून बसवला, कारण भांडी घासायच्या स्पंजांत काही वेळा जंतुनाशक घातलेले असते.

शंभर लिटरपेक्षा लहान टँक असणाऱ्यांनी, किंवा फॉस्फेट मोजण्याचे साधन जवळ नसणाऱ्यांनी हे उपकरण घेऊ नये. पहिल्यांना पिशवी पुरते, आणि दुसऱ्यांनी हाच खर्च आधी तपासनीवर करावा. माझ्यासारखी मध्यम टँक, मृदू प्रवाळांची दाटी आणि महिन्यातून एका रविवारची सवड असेल तर मी ते घेण्याचा सल्ला देईन, मात्र त्यासोबत पीव्हीसीचा व्हॉल्व्ह, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि दोन जादा रिंगा त्याच दिवशी घ्याव्यात. अन्न कमी न करता केवळ रिॲक्टरवर विसंबणाऱ्याला मात्र दर पंधरवड्याला मीडिया विकत घ्यावा लागेल. झिंग्यांच्या वड्या आता मी चाळणीत वितळवून धुऊनच टाकते, आणि तेव्हापासून एका भरणीचे फेरिक ऑक्साइड मला सात आठवडे पुरते. काल संध्याकाळी टँकचे पाणी ०.०७ होते आणि रिॲक्टरच्या तोंडाशी ०.०४, म्हणजे या वेळचा मीडिया अजून काही दिवस चालेल.